भाव करून आणलेली जोडी

मे महिना लागला की माझ्या खानावळीत दुपारच्या पंगती उठल्यावर एक सुस्ती येते. भांडी घासून पालथी पडतात, गच्चीवर कुरडया कडकडीत वाळत असतात आणि श्रीरामपूर स्टेशनाकडून मालगाडीचा लांबलचक खडखडाट ऐकू येत राहतो. परवा अशाच वेळी गहू निवडत बसले होते. मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मोबाईलवरच्या खेळांची ती परदेशातली मोठी स्पर्धा पुन्हा सुरू झाली आहे. दरवर्षी होते, आणि आपल्याकडची लीग अर्धी खेळून झाली की बरोब्बर मध्येच होते. पडद्यावर कुठल्याशा देशाच्या पोरानं एका ओसाड घराचं दार उघडलं, आत मुद्दाम धाडधाड पावलं वाजवली आणि खिडकीशी उभा राहिला. मी सूप खाली ठेवलं. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. आवाज ऐकून समोरच्या संघाचे दोघे घरात शिरायला आले, आणि बाहेरच्या झुडपात पडून राहिलेल्या त्या पोराच्या जोडीदारानं दोघांनाही टिपलं. समालोचक किंचाळला, काय डोकं आहे, काय डोकं आहे! अरे मेल्या, ते डोकं माझ्या माडीवर चाललेलं होतं. माझ्या हातचं वरण खाऊन चाललेलं होतं.

माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या बाईला या खेळातलं काय कळतं, असं वाटेल कुणाला. वाटू दे. ज्याच्या घरी पिकतं त्याला कळतंच. माझा थोरला भाऊ अण्णा, घोडेगावाजवळ शेती करतो. त्याचा महेश इथं आयटीआयला होता, म्हणून माझ्या माडीवर राहिला. त्याच्या वर्गात इरफान. आमच्याच मागच्या गल्लीतला, वडील लहानपणीच गेलेले, चाचा फरशी बसवायची कामं घेतात. दोघांची गट्टी जमली ती या खेळावरून. चौघांचा संघ असतो, विमानातून एका बेटावर उतरायचं आणि बाकी सगळ्या संघांना पुरून उरायचं, एवढाच खेळ. त्यांच्या संघातले बाकीचे दोघे आपापल्या गावाहून खेळायचे. पण संघाचा प्राण म्हणाल तर ही जोडी.

खेळायला बसायची कशी, ते सांगितलं पाहिजे. खुर्च्या होत्या माडीवर, पण नाही. गादी खाली ओढायची आणि दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. इरफानचं तोंड खिडकीकडे, महेशचं जिन्याकडे. मी एकदा म्हटलं, अरे उन्हाळ्याचे दिवस, घामानं निथळताय, जरा लांब बसा की. तर इरफान म्हणाला, "आत्या, पाठ लागली की बोलावं लागत न्हाई. ह्यो दचकला की मला हितं कळतंय." महेशची आत्या म्हणून मी त्याचीही आत्या. खरंच, बोलायची फार कमी. इरफाननं घरात शिरून आवाज केला की महेश झुडपात श्वास रोखायचा, आणि शत्रू दाराशी आला की इरफान हळूच म्हणायचा, "पाहुणं आलं." या डावाचं नावच त्यांनी पाहुणा ठेवलं होतं. खालून भाकऱ्या थापताना मला ऐकू यायचं, पाहुणं आलं, आणि मागोमाग दोघांचं हसू.

त्या हंगामात त्यांनी लीगमध्ये धुमाकूळ घातला. पुण्याच्या एका बड्या व्यापाऱ्यानं संघ पदरी घेतला होता, कोच दिला होता, कागदांवर सह्या घेतल्या होत्या. अर्धी लीग झाली तेव्हा ही पोरं सगळ्यांच्या वर. शेजारच्या रोझीबाई, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, एरवी टीव्हीवरच्या मालिकांना नावं ठेवणाऱ्या. त्या संध्याकाळी चर्चहून परस्पर माझ्याकडे यायच्या आणि विचारायच्या, आज किती पाहुणे जेवले? मी मालिका बंद केली होती. खानावळीत जेवायला येणारे कारखान्याचे मुकादम, एसटीचे चालक, सगळ्यांना पोरांची नावं पाठ. गावाला काही तरी आपलं होतं त्या महिन्यांत, आणि ते फार गोड होतं. हे मी नाकारत नाही. आज सगळं कडू झालं म्हणून तेव्हाचं गोड खोटं म्हणायचं, एवढी मी कृतघ्न नाही.

मग परदेशातून बोलावणं आलं. जो वर आहे त्यानं लीग अर्धी टाकून तिकडं जायचं, जगातल्या संघांशी खेळायचं, परत येऊन उरलेली लीग पुरी करायची. पेढे वाटले. रोझीबाईंनी मेणबत्ती लावली. अण्णा घोडेगावाहून पोतंभर कलिंगडं घेऊन आला, आणि माझ्या ओसरीत बसून मिशीवर हात फिरवत राहिला.

मला मात्र पहिल्यापासून पटलं नव्हतं, आणि मी काही मनात ठेवणारी बाई नाही. म्हटलं, "अण्णा, भाकरी तव्यावर असताना कोणी दार लावून जत्रेला जातं का? लीग संपू दे, मग जगभर हिंडा म्हणावं."

कोच होता तिथं. शिकलेला, मवाळ बोलणारा. म्हणाला, "आत्या, अनुभव मिळतो. मोठ्यांशी खेळल्याशिवाय मोठं होता येत नाही. आणि चाहत्यांनाही आपल्या पोरांना जगाच्या मंचावर बघायला मिळतं."

अण्णा हसला. "आगं, जाऊ दे की. नुसता भाव करून येत्याल. इकायचं कुठं हाय आपल्याला?"

हे कळायला अण्णाची खोड माहीत पाहिजे. त्याच्याकडे एक बैलजोडी आहे, हरण्या आणि मुक्या. ट्रॅक्टर आला तरी त्यानं ती ठेवली. दरवर्षी नांगरटीच्या आधी तो जोडी धुतो, शिंगांना तेल लावतो, नवी वेसण घालतो आणि घोडेगावच्या बाजारात नेऊन उभी करतो. विकायला नाही. भाव करायला. व्यापारी जमतात, दात बघतात, पाठीवर थाप मारतात, रुमालाखाली हात घालून बोटं दाबून गुपचूप भाव सांगतात. अण्णा सगळ्यांची बोटं दाबून घेतो, मान हलवतो आणि संध्याकाळी जोडी घेऊन घरी येतो. त्या रात्री वहिनीला भाव सांगताना त्याचा चेहरा बघावा. आमच्याकडे असे पुष्कळ आहेत. लोक हसतात, पण मनातून प्रत्येकाला आपली जोडी एकदा चारचौघांत उभी करून बघायची असतेच. माणसाला आपल्या वस्तूची किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची भूक असते, काय करणार.

तर पोरं गेली. विमानाच्या खिडकीतून ढगांचा व्हिडिओ आला. हॉटेलातल्या न्याहारीचा आला, त्यात इरफान म्हणत होता, "आत्या, हितं समदं गोड हाय, मिरची कुठं न्हाई." तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली भर दुपार. पंगती उठल्या की आम्ही सामने बघायला खानावळीतच मोठा पडदा लावायचो. कूलरमधल्या वाळ्याचा वास, चिरलेल्या कैऱ्या, बाहेर कडुनिंबाखाली उभ्या रिक्षा, आणि आत चाळीसेक माणसं श्वास रोखून. वीज गेली की सगळा घोळका इन्व्हर्टर असलेल्या सायकलवाल्याच्या दुकानात पळायचा, रोझीबाई पदर सावरत सगळ्यांत पुढे.

पडदा उजळला. मंचावर चौघं एका ओळीत बसली होती. उंच खुर्च्या, प्रत्येकाच्या मध्ये हातभर अंतर, कानांवर ती मोठी यंत्रं. पाठीला खुर्चीची पाठ. महेश सारखा मागे रेलून बघत होता, काही तरी हरवल्यासारखा. मी म्हटलं, रोझीबाई, यांच्या पाठी सुटल्या. त्यांना काही कळलं नाही.

पोरं हरली. रोज हरली म्हणा ना. फक्त एका सामन्यात, सगळं हातचं जातंय असं दिसल्यावर, त्यांनी पाहुणा काढला. इरफाननं दार उघडलं, आवाज केला, आणि पाहुणे आले. एकामागून एक संघ त्या घरात शिरला आणि महेशनं सगळ्यांना झोपवलं. तो सामना जिंकला. आमच्या खानावळीत ताटं वाजली, एका मुकादमानं रोझीबाईंना उचलूनच घेतलं. समालोचकांनी तो डाव पुन्हा लावला, मग आणखी संथ करून लावला, वरून दाखवला, बाजूनं दाखवला, बाण काढून समजावला. मला आनंदानं रडू येत होतं आणि त्याच वेळी वाटत होतं, पुरे करा रे, झाका आता. घरातला दागिना कुणी चव्हाट्यावर उलटापालटा करून दाखवतं का?

परत आली तेव्हा पोरांची तोंडं एवढीशी झालेली. दिवसा झोप, अवेळी जाग, अंगात कणकण. आणि लीग दुसऱ्याच आठवड्यात दारात. बाकीचे संघ कुठे गेले होते? कुठेच नाही. आपापल्या घरी बसून त्यांनी आमच्या पोरांचे परदेशातले सामने बघितले होते. आता इरफाननं दार उघडलं, आवाज केला, की समोरचे घराकडे फिरकायचेच नाहीत. आधी झुडपावर बॉम्ब टाकायचे. पाहुणे शहाणे झाले होते. ज्यांनी जाताना हार घातले होते, त्यांनीच मोबाईलवर लिहिलं, परदेश फिरून आले, माज आला. काहींनी इरफानच्या जातीधर्मावर घसरून लिहिलं. तो ते एकटाच वाचत बसायचा. मी म्हटलं, "दे तो मोबाईल इकडं, एकेकाला उत्तर देते." महेश म्हणाला, "आत्या, असू दे. आमी दोघं हाय ना." तेव्हा पाठीला पाठ होती अजून.

एके दुपारी इरफान खाली जेवत होता. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा. महेश आदल्या दिवशी पुण्याला गेला होता, व्यापाऱ्यानं बोलावलं म्हणून. तेवढ्यात रोझीबाई मोबाईल हातात घेऊन हसत आल्या. "अभिनंदन रे! आपला महेश मोठ्या संघात गेला." आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सगळ्यांत श्रीमंत संघ, मुंबईतला, लीगमध्ये आमच्या खालोखाल असलेला. परदेशातल्या त्या सामन्यात त्यांच्या नजरेत महेश भरला. हंगामाच्या मध्ये खेळाडू उचलायला थोडे दिवस मुभा असते, तेवढ्यात उचलला. व्यापाऱ्याची सही, महेशची सही. इरफानच्या हातात घास होता. तो त्यानं ताटात परत ठेवला नाही, तोंडातही घातला नाही. तसाच धरून बसला, ठेच्याचं तेल मनगटावर ओघळेपर्यंत. मग म्हणाला, "मला म्हनला हुता, कपडे घ्यायला चाललो."

मी अण्णाला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "आगं, लेकराचं नशीब उघडलं. भाव झाला त्येचा." आवाजात तीच घोडेगावच्या संध्याकाळची ऐट. मी म्हटलं, "भाव झाला की विकला?" मग म्हणाला, "म्हेश नको म्हनत हुता. मीच म्हनलो, सही कर."

पुढचं सगळं उतारावरचं. इरफानला जोडीदार म्हणून कुठल्या तरी राज्यातला पोरगा दिला. तो कानात हिंदीत बोलायचा, इरफान हिंदीत उत्तर द्यायचा. पाहुणं हा शब्द माडीवरून गेला. इरफान आता भिंतीला पाठ लावून बसायचा. भर उकाड्यात, पंखा सोडून, भिंतीशी. सामना संपला की तिथं ओला डाग उमटलेला असायचा, त्याच्या पाठीच्या मापाचा. संघ घसरत घसरत लीगच्या बाहेर पडला. व्यापाऱ्यानं संघ मोडला. इरफाननं गादीची गुंडाळी केली, माडी झाडली, किल्ली माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवसापासून चाचांबरोबर फरशीच्या कामाला जायला लागला.

आणि महेश? महेशला त्यांनी खेळवलाच नाही. राखीव म्हणून बसवला, नवे कपडे घालून, मंचाच्या मागे. कॅमेरा कधी त्याच्यावरून फिरला की रोझीबाई म्हणायच्या, तो बघा, तो बघा. तो हसायचासुद्धा नाही. पुढच्या दिवाळीला अण्णा माझ्याकडे आला आणि ओसरीत बसला. चहा निवला. मग म्हणाला, "शके, मला आधीच कळाय पायजे हुतं. बाजारात येवढी वर्सं उभा ऱ्हायलो म्या. व्यापारी कवा कवा जोडीतला येकच बैल घेतो. त्येला त्यो बैल नको असतो, जोडी मोडायची असती. येक नेला की दुसरा आपसूक पडतो." एवढी वर्षं बाजारात काढूनही त्यानं सही करायला लावली, आता त्याला काय बोलायचं. यंदा त्यानं हरण्या-मुक्याला बाजारात नेलं नाही. वहिनी सांगत होती, शिंगांना तेलसुद्धा लावलं नाही.

आता कुणी विचारतं, अशा मधल्या स्पर्धांनी फायदा होतो का? परवा टीव्हीवरसुद्धा चर्चा चालली होती, कोट घातलेली माणसं बोलत होती. अनुभव, ओळख, जगाशी नातं. सगळं खरं असेल. ज्यांच्याकडे राखीव बसवायला पोरं आहेत, ज्यांचा खेळ कुणी उचलला तर दुसऱ्या दिवशी नवा उभा राहतो, त्यांना जत्रा मानवते. आम्हा बघणाऱ्यांनाही ताटं वाजवायला मिळाली, ती दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या एका दुपारीपायी माझ्या वरच्या खोलीतलं हसू गेलं, हा हिशेब मला अजून जमत नाही. आणि मला राग येतो तो याचा, की ती स्पर्धा यंदाही आली, तशीच झगमगत, आणि पडद्यावर आमचाच डाव, आमच्याच पोरांची नावं न घेता.

परवा तो डाव पडद्यावर बघितला, त्याच संध्याकाळी महेशचा फोन आला. त्याच्या कराराची मुदत संपली, संघानं त्याला सोडलं, तो घोडेगावला आला आहे. आवाज ओळखू येईना इतका खाली. म्हणाला, "आत्या, इरफान माझा फोन उचलत न्हाई. तू येकदा विचार. त्यो व्हय म्हनला तर उद्या येतो. पयल्यापासून खेळू. पाठीला पाठ." मी म्हटलं, माफी मागितलीस का त्याची? "कशी मागू? त्यो ऐकतच न्हाई. तूच सांग त्येला." आणि रडला. रडला म्हणजे हुंदका नाही, नुसता फोनवर श्वास.

इरफान योगायोगानं दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे यायचा होता, मोरीतली फरशी उखडली होती म्हणून. आला, सिमेंट कालवलं, कामाला लागला. दुपारी मी त्याला ताक दिलं आणि सरळ विचारलं. आडपडदा मला जमत नाही. म्हटलं, महेश आलाय. परत खेळू म्हणतोय. माडी रिकामी आहे, गादी आहे, इंटरनेट मी उद्या जोडून घेते. तू हो म्हण बाबा. माझ्यासाठी म्हण.

त्यानं ग्लास खाली ठेवला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मनात म्हटलं, देऊ दे, हक्क आहे. पण नाही. त्याच्या तोंडावर जरासं हसू आलं. पूर्वीचं नाही, पण त्याच घरातलं. उठला, नळाखाली हात धुतले, पँटीला पुसले आणि खिशातून मोबाईल काढला. माझा जीव सुपाएवढा झाला.

मोबाईल उघडायला त्यानं अंगठा लावला. उघडला नाही. पुन्हा लावला. नाही. "रेशनच्या मशीनवर बी उठत न्हाई आता," तो म्हणाला, आणि आकडे दाबून उघडला. खेळ अजून होता त्याच्यात. बेट आलं, ते ओसाड घर आलं. त्यानं भिंतीला पाठ लावली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, भिंतीपासून सरकून मधोमध बसला. त्याचा शिपाई घराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. इरफाननं अंगठा ठेवला. सिमेंटनं खाल्लेला, भेगाळलेला, लाकडासारखा कडक अंगठा. दार उघडलं नाही. तोंडाची वाफ देऊन, शर्टाला घासून पुन्हा ठेवला. शिपाई जागच्या जागी अडखळला, उलट्या बाजूला वळला. मी म्हटलं, तेल लावू का रे थोडं? खोबरेल आहे. तो दाबत राहिला. दूरवरून कुणी तरी गोळी मारली आणि शिपाई उंबऱ्यातच आडवा झाला.

इरफाननं मोबाईल पालथा ठेवला. उरलेलं ताक एका दमात प्याला.

"म्हेशला सांग आत्या," तो म्हणाला, "म्हनावं, पाहुणं येत न्हाई आता." आणि थापी उचलून तो पुन्हा मोरीत उकिडवा बसला, सिमेंट वाळायच्या आत.